अँथनीबाईंचं मत घेतलं कोणी?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. अमेरिकेत १८७२ साली सुसान बी. अँथनी यांनी मत दिलं म्हणून त्यांना अटक झाली, असं वाचलं. मी स्वतः निवडणुकीची ड्यूटी करतो, म्हणून विचारतो : बायकांना हक्कच नव्हता, तर केंद्रावरच्या लोकांनी त्यांचं मत घेतलंच कसं? दारातूनच परत पाठवता आलं नसतं का?
— बार्शी तालुक्यातील एक शिक्षक

उत्तर : सर, हा प्रश्न ज्यानं मतदारयादी मांडीवर घेऊन रात्र काढली आहे त्यालाच पडायचा. मीही नोकरीत असताना केंद्राध्यक्ष म्हणून बसले आहे, आणि या प्रसंगात मला अँथनीबाईंइतकाच टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांचा विचार येतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १ नोव्हेंबर १८७२ रोजी मतदार नोंदणी चालू होती, तीही एका न्हाव्याच्या दुकानात. सकाळच्या वर्तमानपत्रात ‘नागरिकांनो, नावं नोंदवा’ असं आवाहन आलं होतं. ते वाचून स्त्री-मताधिकाराच्या चळवळीतल्या पुढारी, बावन्न वर्षांच्या अँथनीबाई आपल्या तिघी बहिणींना घेऊन तिथे हजर झाल्या. दुकानात बेव्हर्ली जोन्स, एडविन मार्श आणि विल्यम हॉल असे तीन निरीक्षक बसले होते. बाईंनी संविधानाची चौदावी दुरुस्ती काढून मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. अमेरिकेत जन्मलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे आणि नागरिकांचे विशेष हक्क कोणत्याही राज्याला कमी करता येत नाहीत, असं १८६८ च्या या दुरुस्तीत लिहिलं आहे. मग मत देणं हा नागरिकाचा हक्क नाही तर काय आहे?

राज्याच्या घटनेत मात्र मतदार म्हणजे पुरुष, असं स्पष्ट होतं. आता निरीक्षकांनी काय करावं? नाव लिहावं तर राज्याचा नियम मोडतो आणि लिहू नये तर बाई म्हणतात, ‘तुमच्यावर वैयक्तिक नुकसानभरपाईचा दावा लावीन.’ त्या नुसत्या धमकी देणाऱ्या बाई नव्हत्या, हे अख्ख्या शहराला ठाऊक होतं. तिथे केंद्र सरकारचा एक निवडणूक पर्यवेक्षकही होता. त्यानं या तरुणांना उलट विचारलं, ‘नाव नोंदवायला नकार दिला तर कायद्यानं काय शिक्षा आहे, माहीत आहे ना?’ जोन्सनं ही गोष्ट पुढे कोर्टात शपथेवर सांगितली. शेवटी जोन्स आणि मार्श नाव लिहायला तयार झाले. हॉल नाही म्हणाला. दोन विरुद्ध एक अशी नावं लागली.

बातमी पसरली आणि शहरात आणखी बायका नोंदणीला गेल्या. मतदान मंगळवारी, ५ नोव्हेंबरला झालं. बाई सकाळी सातलाच केंद्रावर पोहोचल्या. त्यांच्या वॉर्डात त्यांच्यासह पंधराजणींनी मत दिलं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या सिल्व्हेस्टर लुईस नावाच्या माणसानं आक्षेप घेतला. आक्षेप आला की मतदाराला शपथ घालायची आणि शपथ घेतली की मत घ्यायचं, अशी रीत होती. बाईंनी शपथ घेतली आणि मत पेटीत पडलं.

आपल्याकडेही ‘चॅलेंज व्होट’ असतंच. दोन रुपये भरायचे आणि मतदाराच्या ओळखीवर हरकत घ्यायची. माझ्या एका केंद्रावर एका प्रतिनिधीनं सत्तरीच्या आजींकडे बोट दाखवून ‘ही ती नव्हेच’ असा धोशा लावला. मी दोन रुपये मागितले तर म्हणे सुट्टे नाहीत. आजींनी कनवटीचं नाणं काढून त्याच्यापुढे धरलं, ‘घे, भर, आणि मला मोकळी कर.’ ते नाणं घेता येत नव्हतं हे सांगायला नको, पण त्यानंतर त्याची हरकत तिथेच विरली.

लुईसची हरकत विरली नाही. त्यानं पुढे रीतसर तक्रार केली आणि १८ नोव्हेंबरला डेप्युटी मार्शल बाईंच्या दारात उभा राहिला. तो बिचारा इतका अवघडला होता, की ‘कमिशनरसाहेबांना तुम्हाला भेटायचंय’ एवढंच म्हणाला. बाईंनी त्याच्याकडून ‘अटक’ हा शब्द वदवून घेतला आणि पुरुषांना घालता तशा बेड्या घाला म्हणून हात पुढे केले. त्यानं नाही घातल्या. ट्राममध्ये कंडक्टरनं तिकिटाचे पैसे मागितले, तेव्हा ‘मी सरकारी खर्चानं चालले आहे, या गृहस्थांकडे मागा,’ असं बाई म्हणाल्या, असं सांगतात. त्यांच्यावर लावलेला कायदा १८७० चा होता. दक्षिणेत नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या मतदारांना कोणी अडवू नये, म्हणून तो केला होता. त्याच कायद्यातलं बेकायदा मतदानाचं कलम बाईंवर चालवलं गेलं.

प्रश्न : अँथनी यांना तुरुंगवास झाला का? आणि त्या वरच्या कोर्टात का गेल्या नाहीत?
— लॉ कॉलेजची एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुरुंगवास झाला नाही, आणि नेमकं तिथेच सगळं अडलं. बाईंना तुरुंगात जायचं होतं. जामीन नाकारायचा, मग बेकायदा अटकेविरुद्ध अर्ज करून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत न्यायचं, असा त्यांचा बेत होता. पण त्यांचे वकील हेन्री सेल्डन जुन्या वळणाचे गृहस्थ होते. एक प्रतिष्ठित बाई तुरुंगात बसलेली त्यांना बघवेना. त्यांनी स्वतःच्या खिशातून जामीन भरला आणि सुप्रीम कोर्टाकडे जाणारी एक वाट तिथेच बुजली. सेल्डनसाहेबांनी बाईंचा खटला मनापासून लढवला, यात वाद नाही. तरीही हा प्रसंग वाचला की माझी चिडचिड होते. चांगुलपणानं केलेलं नुकसान कोणाच्या नावावर मांडायचं?

खटला उभा राहीपर्यंत बाई स्वस्थ बसल्या नाहीत. मन्रो काउंटीत टपालाचे एकोणतीस विभाग होते. त्या एकोणतीसही ठिकाणी जाऊन ‘अमेरिकेच्या नागरिकानं मत देणं हा गुन्हा आहे का?’ या विषयावर त्यांनी व्याख्यानं दिली. ज्यूरी, म्हणजे खटल्याचा निकाल देणारी बारा नागरिकांची मंडळी, याच माणसांतून निवडली जाणार होती! सरकारी वकिलाच्या ते लक्षात आलं आणि खटला शेजारच्या ऑन्टारिओ काउंटीत हलवला गेला. बाईंनी तिथेही एकवीस व्याख्यानं ठोकली. चळवळीतल्या त्यांच्या सहकारी मटिल्डा जॉसलिन गेज यांनी सोळा दिली.

१७ जून १८७३ रोजी कॅननडेग्वा इथे वॉर्ड हंट या न्यायमूर्तींपुढे सुनावणी सुरू झाली. आरोपीला स्वतःच्या बाजूनं साक्ष देता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. युक्तिवाद संपल्यावर त्यांनी खिशातून आधीच लिहून आणलेला निर्णय काढून वाचला आणि ज्यूरीला ‘दोषी’ असा निकाल देण्याचा हुकूम केला. प्रत्येक ज्यूररला त्याचं मत विचारा, ही सेल्डन यांची मागणीही फेटाळली. बारा माणसं बसून होती, त्यांतल्या एकालाही बोलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षा सांगण्याआधी न्यायमूर्तींनी प्रथेप्रमाणे विचारलं, ‘आरोपीला काही म्हणायचं आहे का?’ विचारलं ते पस्तावलेच असतील. ‘खाली बसा’ असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि बाई बोलत राहिल्या. शंभर डॉलर दंड आणि खर्च, अशी शिक्षा झाली. ‘या अन्याय्य दंडातला एक डॉलरही मी भरणार नाही,’ असं बाईंनी जाहीर केलं. तो त्यांनी कधीच भरला नाही. पण हंट यांनी शेवटचा डाव टाकला होता. दंड भरेपर्यंत कैदेत ठेवा, असा हुकूमच दिला नाही. कैद नाही म्हणून सुटकेचा अर्ज नाही, आणि अर्ज नाही म्हणून सुप्रीम कोर्ट नाही.

तुम्ही कायदा शिकता म्हणून पुढचंही सांगते. हाच युक्तिवाद दुसऱ्या वाटेनं सुप्रीम कोर्टात गेला. मिसूरीतल्या सेंट लुईसच्या व्हर्जिनिया मायनर यांना नोंदणी अधिकारी हॅपरसेट यांनी नाव लावायला नकार दिला होता. मायनर विवाहित होत्या. त्या राज्यात विवाहित स्त्रीला एकटीला दावा लावता येत नसे, म्हणून नवऱ्याचं नाव जोडावं लागलं. १८७५ मध्ये कोर्टानं एकमतानं निकाल दिला, की स्त्री नागरिक आहे हे खरं, पण मत देणं हा नागरिकत्वाबरोबर आपोआप येणारा हक्क नाही. त्यानंतर कोर्टाची आशा सोडून एकेका राज्याचे आणि संसदेचे उंबरे झिजवणं एवढंच हाती राहिलं. संविधानाची एकोणिसावी दुरुस्ती १९२० साली झाली. अँथनीबाई १९०६ मध्येच गेल्या होत्या.

आणि त्या निरीक्षकांचं काय झालं? बार्शीचे सर, हे तुमच्यासाठी. बाईंपाठोपाठ त्या तिघांवरही खटला चालला, बेकायदा मतं घेतल्याबद्दल. प्रत्येकी पंचवीस डॉलर दंड झाला. जोन्स आणि मार्श यांनी तो भरायला नकार दिला आणि १८७४ च्या फेब्रुवारीत खरोखर तुरुंगात जाऊन बसले. ज्यांची मतं त्यांनी घेतली होती त्या बायका रोज त्यांच्यासाठी जेवण घेऊन जात. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी माफी दिली तेव्हा ते सुटले. न्हाव्याच्या दुकानात ज्यांनी नावं लिहून घेतली ती माणसं तुरुंगात गेली आणि ज्यांना तुरुंगात जायचं होतं त्या बाई बाहेर राहिल्या. मतदानाच्या लढ्याचा इतिहास लिहिताना व्यासपीठावरची भाषणं सगळे सांगतात. माझ्या मते निम्मा लढा यादीच्या टेबलावर झाला. त्याच १८७२ च्या निवडणुकीत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे सोजर्नर ट्रुथ मत द्यायला गेल्या होत्या. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे देशभर गाजलेल्या वक्त्या. त्यांना परत पाठवलं. तिथल्या टेबलावर जोन्स आणि मार्श नव्हते.

प्रश्न : काळ्या पुरुषांना आधी मताधिकार मिळाला म्हणून गोऱ्या स्त्रिया नाराज झाल्या, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे खरं का? मग फ्रेडरिक डग्लस स्त्रियांच्या बाजूनं होते, हे कसं?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, चिपळूण

उत्तर : दोन्ही खरं आहे. १८४८ च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. तिथे मताधिकाराचा ठराव एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी मांडला, तेव्हा बरोबरच्या काहीजणींनाच तो अतिरेक वाटला होता. गुलामगिरीतून सुटून काळ्यांचे पुढारी झालेले डग्लस उभे राहून बोलले म्हणून तो तरला. जाहीरनाम्यावर अडुसष्ट स्त्रिया आणि बत्तीस पुरुषांनी सह्या केल्या, त्यांत डग्लस यांची सही आहे.

यादवी युद्धानंतर पंधरावी दुरुस्ती आली. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी यांमुळे मत नाकारता येणार नाही, असं तिच्यात होतं. लिंगाचा उल्लेख नव्हता. १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत कडाक्याचं भांडण झालं. डग्लस म्हणाले, आमच्यासाठी हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, आमची माणसं दिव्याच्या खांबांना लटकवली जात आहेत. स्टँटनबाईंनी त्या काळात काळ्या आणि परदेशातून आलेल्या पुरुषांबद्दल जे लिहिलं आणि म्हटलं, ते आज वाचवत नाही. अँथनीबाईही त्यांच्याच बाजूला होत्या. त्या दोघींवर माझा कितीही जीव असला तरी हे झाकून ठेवणार नाही. कवयित्री फ्रान्सेस हार्पर स्वतः काळ्या आणि स्त्री. त्यांनी त्या सभेत दुरुस्तीला पाठिंबा दिला. चळवळीतल्या दुसऱ्या पुढारी लुसी स्टोन यांनीही दिला. चळवळीच्या दोन संघटना झाल्या आणि त्या पुन्हा एक व्हायला १८९० साल उजाडलं.

डग्लस यांनी मात्र अबोला धरला नाही. २० फेब्रुवारी १८९५ रोजी ते वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या सभेला गेले होते. तिथून घरी आले आणि त्याच संध्याकाळी त्यांचं निधन झालं.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात स्त्रियांना सर्वप्रथम मताधिकार देणारा देश न्यूझीलंड आहे, दुसऱ्यात वायोमिंग, तिसऱ्यात फिनलंड. नक्की काय लिहू?
— एमपीएससीची तयारी करणारा एक वाचक, नाशिक

उत्तर : वायोमिंग देश नाही. १८६९ मध्ये तिथे स्त्रियांना मत मिळालं तेव्हा ते अमेरिकेचं राज्यसुद्धा नव्हतं, नुसता प्रदेश होता. फिनलंडनं १९०६ मध्ये मत देण्याचा आणि उमेदवारीचा असे दोन्ही हक्क एकदम दिले. संपूर्ण देशाच्या संसदीय निवडणुकीत सर्व प्रौढ स्त्रियांना मत पहिल्यांदा न्यूझीलंडनं दिलं, १९ सप्टेंबर १८९३ रोजी. तेव्हा तीही ब्रिटिश वसाहतच होती, म्हणून ‘देश’ म्हणताना परीक्षक नाक मुरडू शकतो. तुम्ही न्यूझीलंडच लिहा.

गुण मिळाले, आता गोष्ट ऐका. तिथल्या चळवळीचा कणा म्हणजे ख्राइस्टचर्चच्या केट शेपर्ड. दारूबंदीच्या कामातून त्या यात आल्या. नवरा पगार गुत्त्यात उडवतो आणि त्या गुत्त्याच्या परवान्यावर बायकोला चकार शब्द काढता येत नाही, हे रोज बघणाऱ्या बायका त्यांच्याबरोबर होत्या. म्हणून दारूवाले विरोधात उभे राहिले, यात नवल नाही. ड्युनेडिनचे आमदार हेन्री फिश यांनी पैसे देऊन माणसं लावली आणि गुत्त्यांमधून विरोधी अर्जावर सह्या गोळा केल्या. त्यांतल्या काही खोट्या आणि काही फसवून घेतलेल्या निघाल्या, आणि फिशसाहेब तोंडावर आपटले.

इकडे बायका दारोदार फिरून सह्या घेत होत्या. १८९१ मध्ये नऊ हजारांवर, पुढच्या वर्षी वीस हजारांच्या आसपास आणि १८९३ मध्ये जवळजवळ बत्तीस हजार सह्या झाल्या. देशभरातून आलेले पाचशेंवर कागद शेपर्डबाईंनी एकाखाली एक चिकटवले आणि झाडूच्या दांड्याला गुंडाळले. लांबी २७० मीटर! स्त्रियांच्या बाजूचे आमदार सर जॉन हॉल यांनी ती गुंडाळी संसदेत आणून मधल्या वाटेवर सोडून दिली. ती उलगडत उलगडत गेली आणि पलीकडच्या भिंतीवर दांडा आपटला. हा कागद आजही वेलिंग्टनमध्ये पाहायला मिळतो.

तरीही वरच्या सभागृहात विधेयक पडायचंच. पंतप्रधान सेडन यांना ते नको होतं. त्यांनी आपल्या पक्षाच्या एका सदस्याला तार करून मत फिरवायला लावलं. ही ढवळाढवळ विरोधी पक्षातल्या दोघांना इतकी झोंबली, की विधेयकाच्या विरोधात असलेले ते दोघे सेडनची जिरवण्यासाठी बाजूनं मत देऊन मोकळे झाले. वीस विरुद्ध अठरा. आपल्या विधान परिषदेची आठवण आली असेल तर मी जबाबदार नाही.

निवडणूक २८ नोव्हेंबरला होती. नावं नोंदवायला मिळाले जेमतेम काही आठवडे, तरी एक लाख नऊ हजारांवर स्त्रियांनी नोंदणी केली आणि त्यांतल्या नव्वद हजारांवर मत देऊन आल्या. अर्धवट प्यालेले पुरुष केंद्रावर बायकांना धक्काबुक्की करतील, अशी भीती विरोधकांनी घातली होती. तसं काही झालं नाही. तिथल्या मूळ रहिवासी माओरी स्त्रियांनाही याच कायद्यानं मत मिळालं. उमेदवारीसाठी मात्र १९१९ पर्यंत थांबावं लागलं.

प्रश्न : या सगळ्याची आपल्याकडे त्या काळी कोणाला खबर होती का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होती की! पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभाला त्या गेल्या होत्या. सेनेका फॉल्सला चाळीस वर्षं झाली म्हणून अँथनी-स्टँटन यांच्या संघटनेनं १८८८ मध्ये वॉशिंग्टनला जगभरच्या स्त्रियांची परिषद बोलावली, तिथेही रमाबाई होत्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. स्त्रियांच्या स्थितीवरचा भाग जरूर वाचा. भाषा जुनी आहे, पण बाई कुठेही भारावून गेलेल्या नाहीत. मुंबई प्रांतात स्त्रियांना कायदेमंडळाचं मत १९२१ मध्ये मिळालं, मद्रासच्या पाठोपाठ. तेही मालमत्तेची अट कायम ठेवून.

प्रश्न : बाई, आम्हाला स्नेहसंमेलनात या विषयावर दहा मिनिटांचं नाटुकलं करायचं आहे. कोणता प्रसंग घेऊ? आमच्या वर्गात मुलगे जास्त आहेत.
— इयत्ता नववी, एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : कॅननडेग्वाचं कोर्ट घे. शिक्षेच्या वेळी न्यायमूर्ती आणि अँथनीबाई यांच्यात जे बोलणं झालं ते नोंदवून ठेवलेलं आहे. खटल्याचा सगळा वृत्तान्त बाईंनीच १८७४ मध्ये छापून वाटला होता. इंग्रजीच्या सरांकडून तेवढा भाग समजून घे आणि संवाद आपल्या भाषेत लिही. मोठं भाषण तोडून चार तुकडे कर आणि मधे मधे न्यायमूर्तीला ‘खाली बसा’ ओरडू दे, म्हणजे प्रेक्षक हसतील. न्यायमूर्तीच्या खिशात आधीच लिहिलेला कागद ठेवायला विसरू नको. तो काढताना सगळ्यांना दिसला पाहिजे. माजी राष्ट्राध्यक्ष फिलमोर खटला बघायला आले होते, तेव्हा एकाला झकास कोट घालून पहिल्या रांगेत बसवता येईल. आणि मुलगे जास्त आहेत ते बरंच झालं. बारा ज्यूरर लागतात, सगळे पुरुष आणि एकालाही वाक्य नाही. पाठांतराला घाबरणारे आधी तिथे बसव.